मानेखालची उशी आधी काढा

पत्र

सिस्टर, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. फेब्रुवारीत शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवताना वारा फिरला आणि माझ्या धाकट्या जावेच्या नायलॉनच्या साडीनं पेट घेतला. वय २६. मान, छाती-पोट आणि उजवा हात जळाला. ३० टक्के भाजली असं सांगितलं. नागपूरला नेलं, पाचव्या दिवशी ऑपरेशन करून मांडीची कातडी लावली. आता ती घरी आहे. घट्ट जॅकेट दिलंय, मानेला पट्टा दिलाय, रोजचा व्यायाम सांगितलाय. व्यायामाच्या वेळी ती इतकी रडते की सासूबाई म्हणतात, "पोरीचे हाल काऊन करता? आमच्या वक्ती जयलेल्या माणसाले केळीच्या पानावर निजवत, मऊ उशी देत, पडू देत. अंडं अन् मीठ बंद करत." माझी स्वतःची मावशी १९८६ साली स्टोव्हच्या भडक्यात जळाली होती. वाचली, पण हनुवटी छातीला चिकटली ती आजवर तशीच आहे. ती म्हणते, नशिबाचा भोग. व्यायाम थोडे दिवस थांबवला तर चालेल का? या उन्हात जॅकेट घालायलाच पाहिजे का? माझी कातडी तिला देता येईल का? ती आरसा मागते, द्यायचा का? गावात लोक वेगळंच बोलतात, त्याचं काय करायचं? नाव छापू नका.

उत्तर

ताई, व्यायाम थांबवू नका. एक दिवससुद्धा नाही. आणि पुढचं वाचायच्या आधी उठून जाऊबाई निजते तिथं बघून या. मानेखाली उशी असेल तर काढा. तिच्या जागी टॉवेलची गुंडाळी करून खांद्यांच्या खाली द्या, म्हणजे डोकं जरा मागे जाईल आणि मानेची पुढची बाजू ताणलेली राहील. दोन-चार रात्री ती कुरकुरेल. कुरकुरू द्या.

उशीपासूनच सुरुवात का केली ते सांगते. तुमची मावशी जळाली त्या सुमारास मी जळिताच्या वॉर्डात नवीन होते. मान जळालेली बाई यायची, वेदनेनं विव्हळायची, मान जराशी पुढे वाकवली की तिला बरं वाटायचं. मग मीच स्टोअरमधून उशी आणून द्यायचे. कधी दोन द्यायचे. बाई म्हणायची, "देव तुमचं भलं करो." सहा महिन्यांनी तीच बाई ओपीडीत दिसायची, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ ओढला गेलेला, लाळ गळतेय. आम्ही सगळे म्हणायचो, आग फार वाईट. ते आगीनं झालं नव्हतं, ताई. ते माझ्या उशीनं झालं होतं. हे मला पुढं एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीनं शिकवलं. तिनं पहिल्याच दिवशी वॉर्डातल्या उशा गोळा करून कपाटात कोंडल्या, आणि मी तिच्याशी भांडले होते.

खाटेची सुतळी पावसात भिजली की कशी आखडून ताठ होते, तुम्ही पाहिलंच असेल. भाजलेल्या जागी भरून येणारा व्रण तसाच वागतो. त्याच्यातल्या पेशी स्नायूसारख्या आवळत जातात, आणि हे काम वर्षभर, कधी दीड-दोन वर्षंही चालतं. लावलेली कातडीसुद्धा आकसते. माणूस दुखतं म्हणून अंग मुडपून पडतो: मान पुढे, दंड काखेशी, कोपर दुमडलेलं. व्रणाला तेच हवं असतं. ज्या स्थितीत आराम वाटतो त्याच स्थितीत सांधा बांधला जातो. म्हणून तुमच्या जावेनं नेमकं उलट निजायचं. मान मागे, उजवा हात अंगापासून दूर, काटकोनात, बाजूला पाटावर किंवा घडी केलेल्या चादरीवर ठेवलेला, कोपर सरळ. रात्री मानेचा पट्टा काढायचा नाही.

व्यायाम एकदाच तासभर रडवून करू नका. दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं करा. आंघोळीनंतर कातडी मऊ असते, तेव्हा खोबरेल तेल चोळून सुरू करा. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती अर्धा तास आधी द्या. व्रण ताणला जाऊन पांढरट दिसेल तिथवर न्या, तिथं थोडं धरा, मग सोडा. रक्त येईल इतकं कुणी ओढायचं नाही, तिचा हात तिनंच उचलायचा. आणि सगळ्याला व्यायाम म्हणू नका. उंच दोरीवर कपडे वाळत घालणं, फळीवरचा डबा काढणं, उजव्या हातानं स्वतःची वेणी घालणं, हे तिला करू द्या. आजारी आहे म्हणून घरच्या बायका तिच्या हातातलं काम काढून घेतात. माया असते ती, पण काख त्यानंच आखडते.

आता सासूबाईंचं. त्या एका बाबतीत अगदी बरोबर आहेत, हे त्यांना जरूर सांगा. केळीचं पान भाजलेल्या अंगाला चिकटत नाही, ते काढताना कातडी सोलून निघत नाही. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं निर्जंतुक ड्रेसिंग वापरलं. उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या हेही मुंबईतल्याच डॉक्टरांचं काम. आमच्याकडे गॉज अंगाला चिकटून बसायचा आणि तो ओढून काढताना वॉर्ड किंचाळायचा, त्यापेक्षा पान शंभर पटीनं दयाळू. पण जावेची जखम आता बंद झालीय. पानाचं काम संपलं.

मात्र सासूबाईंच्या काळात माणसं "पडू देत" होते ते त्यात शहाणपण होतं म्हणून नव्हे, दुसरं हातात काही नव्हतं म्हणून. तुमची मावशी आणि तुमची जाऊ, दोघींमध्ये चाळीस वर्षांत काय बदललं ते जरा सांगते. म्हणजे सासूबाईंशी बोलताना उपयोगी पडेल.

मोठं भाजलं की पहिल्या दोन दिवसांत माणूस जातो तो अंगातलं पाणी सुटल्यानं. पूर्वी डॉक्टरांना वाटायचं, जळलेल्या कातडीतून विष भिनतं. अमेरिकेत १९२१ साली एका थिएटरला आग लागली, तिथल्या रुग्णांच्या फोडांतलं पाणी तपासल्यावर ध्यानात आलं की ते जवळपास रक्तातल्या पाण्यासारखंच आहे. म्हणजे रक्तातलं पाणीच झिरपून चाललंय. ते भरून किती द्यायचं, याचं सूत्र १९६८ साली डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलातल्या डॉ. बॅक्स्टर यांनी मांडलं: वजनाचे किलो गुणिले भाजल्याचे टक्के गुणिले चार, इतके मिलिलिटर सलाइन चोवीस तासांत. तुमची जाऊ ५० किलोची धरली तर सहा लिटर, आणि त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजतात, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, तिथून नागपूरला, यात किती तास गेले ते तुम्हाला ठाऊक आहे. सूत्र आम्हालाही १९८६ साली तोंडपाठ होतं. सलाइनच्या बाटल्या कधी पुरायच्या, कधी नाही.

पण अंगातलं पाणी सुटण्यातून वाचलेली माणसं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायची, जंतूंमुळे. मेलेली, चामड्यासारखी झालेली कातडी आपोआप सुटेपर्यंत आम्ही वाट बघायचो. तीन आठवडे, कधी त्याहून जास्त. वर पांढरं मलम थापायचो, सिल्व्हर सल्फाडायझिनचं. मलम चांगलंच होतं, त्यानं पुष्कळ जीव वाचवले. पण त्या मेलेल्या कातडीखाली जंतूंची शेती चालू असायची. हिरवट पू आणि एक गोडसर वास. तो वास मला आजही कुठं आला तर मी जेवत नाही.

हे वाट बघणं संपवलं ते एका बाईनं. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारीबोर शहरातल्या सर्जन झोरा यान्झेकोविच. सगळे थांबत होते तेव्हा त्यांनी ठरवलं, थांबायचं नाही. भाजल्यावर तीन ते पाच दिवसांत मेलेली कातडी पातळ-पातळ पापुद्र्यांनी तासून काढायची, खालून ताजं रक्त दिसलं की थांबायचं, आणि त्याच बैठकीत रुग्णाची स्वतःची कातडी लावायची. १९७० साली त्यांनी हे इंग्रजीत छापलं आणि जगभरचे डॉक्टर मारीबोरला बघायला जाऊ लागले. आमच्या वॉर्डापर्यंत ते यायला नव्वदीचं दशक सरत आलं होतं. तुमच्या जावेचं पाचव्या दिवशीचं ऑपरेशन ते हेच. मावशीच्या नशिबात ते नव्हतं, एवढ्यापुरतं "नशीब" म्हणायला माझी हरकत नाही. मान चिकटली ते नशीब नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर विलायतेत जमवलेल्या आकड्यांत निम्मं अंग भाजलेले तरणेताठे रुग्णही अर्ध्याहून जास्त दगावत. आज चांगल्या जळीत केंद्रात त्याहून किती तरी जास्त भाजलेली माणसं घरी जातात. आणि म्हणूनच नवी अडचण उभी राहिली: वाचलेल्यांचं पुढं काय? ते हॉस्पिटलात नाही ठरत. ते तुमच्या घरात, त्या खाटेवर ठरतंय.

जॅकेटाचं विचारलंत. त्याच्या दाबानं व्रण चपटा आणि मऊ राहावा अशी कल्पना आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मुलांच्या जळीत रुग्णालयांतून ते पसरलं. नियम असा की दिवसाचे तेवीस तास घालायचं, वर्ष-दीड वर्ष. पण तो नियम लिहिणाऱ्यांनी यवतमाळचा मे महिना पाहिलेला नव्हता. एक गोष्ट घरात सगळ्यांना नीट समजावून सांगा. मांडीवरून घेतलेला कातडीचा पापुद्रा पातळ असतो, घामाच्या ग्रंथी त्याच्याही खाली असतात, त्या सोबत येत नाहीत. आणि जळलेल्या जागेच्या ग्रंथी तर गेल्याच. म्हणजे तिच्या अंगाचा जवळपास तिसरा हिस्सा आता घामच गाळत नाही. पारा ४५ वर गेला की तुम्हाला घाम येऊन जे सुसह्य होतं ते तिला होणार नाही. तिला उष्माघात लवकर होईल.

तेव्हा या उन्हाळ्यात तिनं शेतात जायचं नाही, सकाळीसुद्धा नाही. दुपारी कूलरपुढे. कूलर नसेल तर ओल्या पडद्याच्या खोलीत. जिथं भाजलेलं नाही तिथं, म्हणजे पाय, पाठ, डावा हात, ओला पंचा फिरवत राहा. पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी तिनं मागायची वाट न बघता द्या. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं असं काही झालं तर जॅकेट ताबडतोब काढा आणि डॉक्टर रागावतील म्हणून घाबरू नका. संध्याकाळपासून सकाळी दहापर्यंत मात्र ते अंगावर असलंच पाहिजे. दोन जोड मागून घ्या, एक धुवायला एक घालायला. सैल झालेलं जॅकेट कामाचं नाही, दर दोन-तीन महिन्यांनी माप बघून घ्या. खरं सांगायचं तर जॅकेटाचा फायदा पूर्वी वाटायचा तेवढा मोठा नाही असं अलीकडे बरेच डॉक्टर म्हणतात. दुपारी जॅकेट निघालं तर मी काही बोलणार नाही. रात्री मानेचा पट्टा निघाला तर मात्र बोलेन.

खाजेबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती असणार, आणि रात्री जास्त असणार. नखं कापून ठेवा, खाजवण्याऐवजी तळव्यानं थापटायला सांगा, तेल दिवसातून चार वेळा लावा. तरी झोप लागत नसेल तर त्यावर चांगली औषधं आहेत, तपासणीला जाल तेव्हा मागून घ्या. "खाज तर येणारच" असं कुणी म्हणालं तर पुन्हा मागा.

अंडं बंद, मीठ बंद, हे साफ चूक. मोठं भाजल्यावर शरीर कितीतरी महिने भट्टीसारखं जळत राहतं आणि खायला मिळालं नाही तर स्वतःचे स्नायू खातं. तिला रोज साधारण ७५ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. दोन अंड्यांत बारा ग्रॅम होतात. मूठभर शेंगदाण्यांत सात. तुरीचं घट्ट वरण, हरभऱ्याची उसळ, दूध, दही, चालत असेल तर मासे नि मटण. सासूबाई अंडं घरात शिजू देत नसतील तर शेंगदाणे, दूध आणि डाळीचं प्रमाण वाढवा, त्यावरून भांडण नको. बीपी किंवा किडनीचा त्रास नसेल तर मीठ तोडायचं काही कारण नाही, या उन्हात तर नाहीच.

तुमची कातडी तिला देता येत नाही. तुमचा प्रश्न वाचून मला भरून आलं, तरी उत्तर तेच. दुसऱ्याची कातडी अंग दोन-तीन आठवड्यांत टाकून देतं, फक्त एकसारख्या जुळ्यांची टिकते. पण ते दोन-तीन आठवडेही फार मोलाचे असतात. ज्यांचं इतकं अंग भाजलंय की स्वतःची कातडी घ्यायला जागाच उरली नाही, त्यांच्यावर दान केलेली कातडी झाकण म्हणून घालतात. ती जिवंत माणसाकडून घेत नाहीत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या नि पाठीवरून पातळ थर काढतात, रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही. सायनला २००० साली अशी त्वचापेढी सुरू झाली, आता नागपुरातही आहे. आपल्या गावांत नेत्रदानाचा फॉर्म लोक आनंदानं भरतात, हे मात्र कुणाला माहीत नसतं.

आरसा द्या. तिनं मागितला म्हणजे तिची तयारी आहे. दिवसाउजेडी, बसून, तुम्ही शेजारी असताना. "पूर्वीसारखं होईल" असं म्हणू नका, ते खोटं आहे आणि तिला कळेल. एवढं खरं सांगा की आज जो लाल, फुगीर व्रण दिसतोय तो वर्ष-दीड वर्षात बराच बसेल, मऊ होईल, रंग उतरेल. डाग राहील. बाहेर पडताना मानेवर सुती ओढणी घ्यायची ती लाजेसाठी नाही, उन्हानं नवी कातडी कायमची काळी पडते म्हणून.

आणि तिला बाहेर न्या. महायुद्धात इंग्लंडच्या ईस्ट ग्रिनस्टेड गावात आर्चिबाल्ड मॅकइंडो नावाचे सर्जन चेहरे नि हात जळालेल्या वैमानिकांवर ऑपरेशनं करायचे. एकेकाची कित्येक ऑपरेशनं, वर्षानुवर्षं. त्यांनी आजाऱ्यांना दवाखान्याचे कपडे घालू दिले नाहीत, स्वतःचा गणवेश घालून गावात फिरायला लावलं, आणि गावकऱ्यांना सांगून ठेवलं की यांना घरी बोलवा, टक लावून बघू नका. गावानं ते ऐकलं. त्या आजाऱ्यांनी १९४१ साली आपला क्लबच काढला, त्याला थट्टेनं गिनीपिग क्लब नाव दिलं. तुमच्या गावाला सांगायला मॅकइंडो येणार नाहीत. पण आठवडी बाजाराला तुम्ही तिला शेजारी घेऊन गेलात, भाजी घेतलीत, ओळखीच्या चार बायकांपाशी थांबलात, तर तीन-चार बाजारांत लोकांची मान वळायची थांबते. उन्हं उतरल्यावर जा.

गाव काय बोलतं, यावर. बाई जळाली की लोकांना गोष्ट पाहिजे असते. तुम्ही पऱ्हाट्यांचं लिहिलंत, मी ते तसंच धरते. पण वॉर्डात मी पोलिसांना खाटेपाशी बसून जबाब घेताना पाहिलंय आणि नवरा दारात उभा असताना बाईचा जबाब कसा बदलतो तेही पाहिलंय. म्हणून एकदा, कुणी नसताना, तेल चोळताना, तिला विचारा, "काही सांगायचंय का?" नसेल तर विषय संपला आणि गावाला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. असेल तर १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे.

इतर वाचकांसाठी एवढंच, कारण शेतांचे धुरे नि पऱ्हाट्या दर वर्षी पेटतातच. पेटलेल्या माणसाला पळू देऊ नका, आडवं करून घोंगडी किंवा जाड सुती चादर टाका. मग वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ नाही. बांगड्या, जोडवी, अंगठ्या सूज यायच्या आधी काढा. चिकटलेलं नायलॉन ओढू नका. शाई, टूथपेस्ट, हळद, शेण यातलं काहीही नाही. स्वच्छ चादर गुंडाळा आणि १०८ ला फोन करा. पेटवायला जाताना सुती लुगडं नेसा.

ताई, शेवटचं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्र वाचताना माझ्या मनात तेच घोळत राहिलं. मावशी. चाळीस वर्षं झाली म्हणून आता काही होत नाही असं नाही. आखडलेली मान कापून मोकळी करतात, रिकाम्या जागी कातडी लावतात, माणूस पुन्हा वर बघू शकतो. अशी ऑपरेशनं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होतात. मात्र लहान दवाखान्यात करायला जाऊ नका. हनुवटी छातीला असली की भूल देताना श्वासाची नळी घालणं फार अवघड जातं, त्याला मोठ्या हॉस्पिटलातले अनुभवी भूलतज्ज्ञ लागतात. आणि मावशीच्या जुन्या व्रणावर कुठं न भरणारी जखम असेल तर ती लपवू देऊ नका. अशा जखमेत क्वचित कॅन्सर होतो, तुकडा तपासावा लागतो.

जावेची पुढची तारीख असेल तेव्हा दोघींची चिठ्ठी प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत एकाच दिवशी काढा. आधी या योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. रेशनकार्ड आणि दोघींची आधारकार्डं सोबत असू द्या, मावशीचं रेशनकार्ड तुमच्या घरचं नसेल तर तिच्या घरून आदल्या दिवशीच मागवून घ्या. आणि प्रवासात मावशीला जावेच्या शेजारी बसवा.